मुदतीआधी भाड्याचं घर सोडून परदेशी जाताना: कायदेशीर परिणाम आणि निघण्यापूर्वीची कामं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी शहरात भाड्याचा फ्लॅट. २२ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, त्यातले पहिले १२ महिने लॉक-इन, म्हणजे या काळात घर सोडायचं नाही अशी अट. भाडं महिना १४,००० रुपये, अनामत ५०,०००. पाचवा महिना संपत आलाय आणि दुबईच्या नोकरीचा व्हिसा आलाय. महिन्याभरात रुजू व्हायचंय. घरमालक मुंबईत राहतात. त्यांचं म्हणणं: लॉक-इनचे उरलेले सात महिने, म्हणजे ९८,००० रुपये द्या, अनामतही विसरा, नाहीतर पोलिसांत जाऊन पासपोर्ट अडवतो. करार करताना दिलेले, सही केलेले पण तारीख न घातलेले दोन चेकही त्यांच्याकडे आहेत. कायद्याने नक्की काय होऊ शकतं?

आधी पासपोर्टचं बघू, कारण त्या धास्तीपायी माणसं नको तिथे सह्या करून बसतात. भाडेकरार मुदतीआधी मोडणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी करारभंग आहे आणि त्यातून फार तर पैशाची जबाबदारी येते. घरमालकाच्या अर्जावर पोलीस पासपोर्ट जप्त करू शकत नाहीत, आणि भाड्याच्या वादासाठी विमानतळावर लुकआउट नोटीसही (देश सोडताना अडवण्याची सूचना) लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ मध्ये एक तरतूद आहे खरी. प्रतिवादी देश सोडून चाललाय आणि त्यामुळे हुकूमनाम्याची वसुली अडेल, असं न्यायालयाला पटलं तर त्याला बोलावून जामीन किंवा तारण मागता येतं. पण त्यासाठी आधी दावा दाखल व्हावा लागतो, प्रतिज्ञापत्रावर कारणं द्यावी लागतात आणि तुम्ही रक्कम बुडवायच्या बेतात आहात असं दिसावं लागतं. ज्याने लेखी नोटीस दिलीय, ताबा परत केलाय आणि हिशेब मांडून पैसे देऊ केलेत, त्याच्याविरुद्ध असा आदेश मिळवणं फार कठीण.

खरा धोका त्या दोन चेकचा आहे, आणि नेमकं त्याकडेच दुर्लक्ष होतं.

चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘कोरा चेक फक्त तारण म्हणून दिला होता’ हा बचाव आपोआप चालत नाही. सही करून स्वतःहून दिलेला चेक समोरच्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिला होता असं कायदा गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलंय. देणं नव्हतंच हे तुम्ही सिद्ध करू शकता, पण ते रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या न्यायालयात उभं राहून, दुबईहून ये-जा करत. तक्रार कुठे दाखल व्हायची ते घरमालकाचं खातं ज्या शाखेत आहे त्यावर ठरतं, तुमच्या सोयीवर नाही.

टप्पे लक्षात ठेवा. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत घरमालकाने लेखी मागणी करायची. नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस. त्यात पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. आता मेख कुठे आहे पाहा: ही नोटीस तुमच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर जाते. तो पत्ता म्हणजे तुम्ही नुकताच रिकामा केलेला फ्लॅट असेल, तर पाकीट ‘घर बंद’ शेरा मारून परत जातं आणि कायदा ते पोचलं असं मानू शकतो. तुम्ही तिकडे दुबईत, आणि इकडे १५ दिवस संपून समन्स, मग वॉरंट. फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६(२)(फ) खाली पासपोर्ट नाकारता येतो. मग दूतावासात नूतनीकरणाला गेल्यावर अडचण समोर येते. घरमालक आज ज्या पासपोर्टची धमकी देताहेत तो असा, वळसा घालून, खरोखर अडकू शकतो. म्हणून बोलणी कुठलीही असोत, पहिली मागणी चेक परत मिळण्याची ठेवा.

परत मिळत नसतील तर चेकचे क्रमांक लिहून घरमालकाला पत्र द्या: हे चेक तारण म्हणून दिले होते, या तारखेपर्यंतचं भाडं पूर्ण दिलंय, चेक भरू नयेत, परत करावेत. नुसतं बँकेत ‘स्टॉप पेमेंट’ देऊन बसू नका. त्या कारणाने परत गेलेला चेकही कलम १३८ मध्ये येतो. आणि खातं बंद करणं तर सगळ्यात वाईट. ‘खातं बंद’ या शेऱ्यानेही तोच गुन्हा होतो, वर हेतूबद्दल संशय वाढतो.

आता ९८,००० रुपयांकडे. नोंदणीकृत करारांत साधारण या धर्तीचं कलम असतं: लॉक-इन काळात कोणत्याही कारणाने घर सोडलं तर उरलेल्या काळाचं भाडं द्यावं लागेल. कलम वाचून लोक धरून चालतात की आकडा ठरलेला आहे, विषय संपला. तसं नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात ठरवलेली भरपाईची रक्कम ही कमाल मर्यादा असते; मिळते ती वाजवी भरपाई. २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही. नुकसान सिद्ध करणं शक्यच नसेल अशा प्रकरणातच ठरलेला आकडा वाजवी अंदाज असल्यास ग्राह्य धरला जाऊ शकतो. भाड्याच्या घराचं नुकसान मोजता येतं. घर किती दिवस रिकामं राहिलं, नवा भाडेकरू किती भाड्याने आला, एजंटला काय गेलं, नव्या कराराला काय खर्च आला.

कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे: नुकसान मोजताना ते टाळायचे मार्ग हाताशी होते का हे पाहायचं. म्हणजे घरमालकाने फ्लॅट सात महिने कुलूपबंद ठेवायचा आणि सात महिन्यांचं भाडं मागायचं, हे टिकायला अवघड. जूनमध्ये रिकामा झालेला फ्लॅट जुलैत दुसऱ्याला दिला तर जुलैपासून पुढचं भाडं दोघांकडून घेता येत नाही. घर मालवण, गुहागर किंवा अलिबागच्या बाजूला असेल आणि मालकाने ते मधल्या काळात पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिलं, तर ते उत्पन्नही त्याच्या नुकसानीतून वजा होतं. समाजमाध्यमांवरची जाहिरात, दाराला लागलेली पाटी, शेजाऱ्यांनी पाठवलेला फोटो, सगळं तारखेसकट जपून ठेवा.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. लॉक-इनला काही अर्थच नाही, असा सल्ला देणाऱ्यांवर विसंबू नका. तुम्ही करार मोडताय, आणि त्यामुळे झालेलं खरं नुकसान तुम्हाला द्यावं लागेल. ‘परदेशी नोकरी लागली म्हणून करार पाळणं अशक्य झालं’ हा युक्तिवाद चालत नाही. करार अधिनियमाचं कलम ५६ अशक्यतेसाठी आहे, स्वतःच्या निर्णयामुळे झालेल्या अडचणीसाठी नाही. भाडेपट्ट्याला तर ते कलम लागूच होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलंय. बदली, लग्न, नोकरी, आजारपण यातल्या कशासाठी सूट हवी असेल तर ती करारात लिहिलेली असावी लागते. पुढच्या वेळी करार करताना ‘परदेशी किंवा परगावी बदली झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीने लॉक-इन लागू राहणार नाही’ एवढं एक वाक्य घालून घ्या. मसुदा ऑनलाइन तयार होत असतानाच ते सांगावं लागतं. अंगठा दिल्यावर नाही.

तुमच्या प्रकरणात आकडा किती बसतो ते मांडतो. समजा महिन्याची नोटीस देऊन सहाव्या महिन्याच्या शेवटी तुम्ही ताबा दिला. सहावा महिना भाडं दिलंत, म्हणजे लॉक-इनचे सहा महिने, ८४,००० उरले. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळसारख्या ठिकाणी एप्रिल ते जून या काळात घर लवकर जातं, कारण शाळा-कॉलेज आणि सरकारी-बँकेच्या बदल्या याच दिवसांत. भर पावसात थोडा वेळ लागतो. दीड महिना घर रिकामं राहिलं असं धरा: २१,०००. एजंटने मालकाकडून एक महिन्याचं घेतलं तर १४,०००. नव्या २२ महिन्यांच्या कराराचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: एकूण भाडं ३,०८,००० अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी मानलेलं व्याज ९,१६७, म्हणजे ३,१७,१६७ वर साधारण ८०० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. शिवाय कागदपत्रं हाताळणी आणि एजंटची किरकोळ फी. बेरीज ३७ ते ३८ हजारांच्या घरात. हा वरच्या बाजूचा अंदाज आहे. नवा माणूस तुम्हीच आणून दिलात तर तो १०-१५ हजारांवर येतो.

म्हणून नोटिशीबरोबरच ठोस प्रस्ताव द्या. मसुदा असा ठेवता येईल: ‘मी दिनांक अमुक रोजी फ्लॅटचा रिकामा ताबा देत आहे. त्या तारखेपर्यंतचं भाडं व वीजबिल भरलेलं असेल. लॉक-इन कलमापोटी, कोणताही वाद न ठेवता, दीड महिन्याचं भाडं रु. २१,००० अनामतीतून वळतं करून उरलेले रु. २९,००० परत करावेत आणि माझे दोन्ही चेक परत द्यावेत. दरम्यान आपण सुचवाल त्या वेळी फ्लॅट दाखवायला मी उपलब्ध आहे. हे तडजोडीसाठी आहे. मान्य नसल्यास माझे कायदेशीर हक्क अबाधित राहतील.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसेल तर उद्या तुमचा देकार हीच कबुली म्हणून पुढे ठेवली जाते.

नोटीस व्हॉट्सॅपवर पाठवा, ईमेलवर पाठवा, आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही करारात लिहिलेल्या मालकाच्या पत्त्यावर पाठवा. घरमालक मुंबईत आणि किल्ल्या सांभाळणारा पुतण्या रत्नागिरीत, ही कोकणातली नेहमीची मांडणी. पुतण्याशी झालेलं बोलणं मालकावर बंधनकारक असेलच असं नाही. ‘काका काही बोलणार नाहीत, तुम्ही जा बिनधास्त’ याला कागदावर किंमत नाही. ज्याचं नाव करारात लायसेन्सर, म्हणजे घर देणारा, म्हणून आहे, त्याचाच होकार लेखी घ्या. दोन भावांची नावं असतील तर दोघांचाही.

नवा भाडेकरू आणून देण्याबद्दल नेमकं समजून घ्या. तो स्वीकारण्याची सक्ती मालकावर नाही. पण नाव, नोकरी, संपर्क यांसह तुम्ही लेखी सुचवलेला चांगला माणूस त्याने कारण न देता नाकारला, तर ‘घर रिकामं पडलं’ ही त्याची तक्रार कमकुवत होते. मात्र स्वतःहून कुणाला आत बसवू नका. लायसन्स ही तुम्हाला दिलेली वैयक्तिक परवानगी आहे, ती दुसऱ्याला हस्तांतरित होत नाही. मित्राला किल्ली देऊन ‘भाडं तू भर’ म्हणून विमानात बसलात, तर करार तुमच्याच नावावर चालू राहतो, वीजबिलाची थकबाकी तुमची, आणि मुदत संपल्यावर मित्र हलला नाही तर कारवाईही तुमच्यावर. मुलांची शाळा एप्रिलपर्यंत आहे म्हणून बायको-मुलं थांबणार असतील तर ते मालकाला लेखी कळवा. कुटुंबाच्या राहण्याचा उल्लेख बहुतेक करारांत असतोच, तरी शंका ठेवू नये.

यानंतरची गोष्ट ताब्याची, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. भाडं तुम्ही विमानात बसलात त्या दिवशी थांबत नाही; ताबा परत दिला त्या दिवशी थांबतं. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६२ प्रमाणे लायसन्सदाराने परवानगी सोडून दिली की ती संपते, आणि हे सोडणं स्पष्ट शब्दांत किंवा वागण्यातूनही होऊ शकतं. त्यासाठी ठरावीक नमुना सांगितलेला नाही. पण वागणं सिद्ध करत बसण्यापेक्षा एक पानाची ताबापावती घेणं शंभर पटींनी बरं.

उलट, अर्धं सामान आत ठेवून कुलूप लावून गेलात आणि कराराची मुदत संपून गेली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २४ लागतं. मुदतीनंतर ताबा न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत बाहेर काढता येतं आणि तोवर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तुमच्या बाबतीत महिना २८,०००. तिथे नोंदणीकृत करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो, ‘मालक तोंडी हो म्हणाले होते’ याला जागा उरत नाही. कपाट, फ्रिज आणि चार पेट्यांसाठी महिन्याला २८,००० देण्यापेक्षा सामान गावच्या घरी न्या.

ताबा देण्याच्या दिवशी काय काय व्हावं ते सविस्तर सांगतो. दिवसाउजेडी द्या, संध्याकाळी बसची घाई असताना नको. मालक किंवा त्याने लेखी नेमलेला माणूस समोर हवा. दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढा: छत, भिंतीचे कोपरे, खिडक्यांचे गज, संडास-न्हाणीघरातले नळ चालू करून, पंखे-दिवे लावून. विजेच्या मीटरचा आकडा आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत यायला हवेत. महावितरणचं बिल मालकाच्या नावावर असतं आणि मधल्या वापराचं बिल नंतर येतं. त्या दिवसाच्या रीडिंगवरून रक्कम काढून तिथेच मिटवा. नगरपरिषदेची पाणीपट्टी आणि सोसायटीची देखभाल करारात कुणाकडे आहे ते बघून तसं लिहा. घर वाडीतलं, विहिरीवर पंप असलेलं असेल तर पंप चालू करून दाखवा. नंतर ‘मोटर जळाली होती’ हा वाद अनामतीच्या हिशेबात हमखास निघतो. किल्ल्या मोजून द्या आणि संख्या लिहा.

ताबापावतीत पाच गोष्टी असाव्यात: ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, मीटर रीडिंग, किल्ल्यांची संख्या, अनामतीचा हिशेब आणि परतीची तारीख, आणि ‘यापुढे दोन्ही बाजूंचं परस्परांकडे कराराखाली काहीही येणं-देणं राहिलेलं नाही’ हे वाक्य. चेक परत केले असतील तर त्यांचे क्रमांकही. दोन साक्षीदार. हिशेबपूर्तीचा असा लेख मुद्रांकावर केलेला चांगला. पूर्वी १०० रुपयांवर व्हायचा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा लागतो. मालक सगळं मान्य करायला तयार नसेल तर निदान तारीख, रीडिंग आणि किल्ल्या एवढीच पावती घ्या, आणि पैशाचा वाद वेगळा ठेवा. ‘आधी ९८,००० द्या, मग किल्ली घेतो’ असं म्हणणाऱ्या मालकाला त्याच दिवशी लेखी कळवा की घर रिकामं केलंय, किल्ली अमुक वकिलांकडे किंवा सोसायटीच्या सचिवांकडे ठेवलीय, कधीही न्या. त्या पत्रानंतर भाडं चालू राहिलं असं म्हणणं त्याला जड जातं. व्हिडिओ आणि चॅट न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यासाठी मूळ फोन किंवा मूळ फाइल जपा, नुसता फॉरवर्ड केलेला व्हिडिओ पुरेसा नाही.

कोकणात अनामतीच्या कपातीचा सगळ्यात मोठा वाद रंगकामाचा आणि ओलीचा. चार महिन्यांच्या पावसात चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, कपाटामागे बुरशी धरते, खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज आणि ग्रील गंजतात, लाकडी चौकटीला वाळवी लागते. ही नेहमीच्या वापरातली आणि हवामानाची झीज आहे. तिचा खर्च तुमच्या अनामतीतून घेता येत नाही. गच्चीतून गळती होत असेल तर ती मालकाची जबाबदारी. पण गळती तुम्हाला दिसत होती आणि तुम्ही कळवलंच नाही, त्यातून फॉल्स सीलिंग कोसळलं, तर गोष्ट बदलते. म्हणून पहिल्या पावसात ओल दिसली की फोटोसह मेसेज टाकायची सवय ठेवा. आणि जून ते सप्टेंबर घर कुलूपबंद ठेवून जाऊ नका. पाऊसकाळात न उघडलेल्या घरात बुरशी गाद्यांपासून प्लायपर्यंत पोचते, आणि ते नुकसान ‘बंद ठेवल्यामुळे झालं’ असं मालक म्हणाला तर त्याचं म्हणणं चुकीचं ठरत नाही. तुमचं निघणं मे अखेरीचं असेल तर ताबाही मे अखेरीलाच द्या.

करार नोंदणीकृत नसेल, पण तुमच्यासारखीच अडचण असेल, त्यांच्यासाठी थोडं. नोटरी केलेल्या मुद्रांकावरचे ११ महिन्यांचे करार आपल्याकडे अजून सर्रास होतात. भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेला हवा, नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. अशा करारातलं लॉक-इन अंमलात आणणं त्याला अवघड जातं. तरी याचा वापर धमकीसारखा करू नये. तडजोड तुम्हालाच हवी आहे, आणि दिलेलं भाडं बँकेतून गेलेलं असेल तर करार होता हे कुणालाही दिसतं.

मालकाने दावा लावलाच तर काय? समन्स करारातल्या पत्त्यावर जाईल. तो रिकामा फ्लॅट असेल तर तुम्हाला कळणार नाही आणि एकतर्फी हुकूम होईल. तो रद्द करायला अर्ज करता येतो, मुदत ३० दिवस. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर हुकूम कळल्यापासून. हा सगळा त्रास एका ओळीने टळतो: ताबापावतीत आणि नोटिशीत ‘यापुढील पत्रव्यवहाराचा पत्ता’ म्हणून गावचं घर आणि ईमेल लिहा, आणि गावच्या घरी असलेल्या माणसाला सांगून ठेवा की न्यायालयाचं किंवा वकिलाचं पाकीट आलं तर नाकारायचं नाही, फोटो काढून पाठवायचा.

‘तीन वर्षं तिकडे काढली की दावा मुदतबाह्य होतो’ हा समज घातक आहे. भाडं आणि करारभंगाच्या पैशासाठी मुदत तीन वर्षं हे बरोबर. पण मुदत अधिनियम, १९६३ चं कलम १५(५) म्हणतं की प्रतिवादी भारताबाहेर असेल तो काळ मोजायचा नाही. तुम्ही पाच वर्षं दुबईत राहिलात तरी मालकाचं घड्याळ थांबलेलंच. तुमचं मात्र चालू असतं. अनामत परत मिळवायचा तुमचा दावा तीन वर्षांतच लावावा लागतो, आणि तुम्ही परदेशी होतात हे कारण त्याला चालत नाही. एकदा हुकूम झाला की अंमलबजावणीला बारा वर्षं मिळतात, आणि त्यात तुमचं इथलं बँक खातं किंवा तुमच्या नावचा घर-जमिनीतला हिस्सा जप्तीला येऊ शकतो. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीमध्ये दिवाणी हुकूमनाम्यांच्या अंमलबजावणीचा १९९९ चा करारही आहे. लाखभर रुपयांसाठी कुणी दुबईच्या न्यायालयात जाणं अवघड, पण सातबाऱ्यावरचं नाव इथेच असतं.

तुम्हाला अनामतीसाठी लढायचं असेल तर दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करा. फी नाही, मालकाला नोटीस जाते, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही. ५०,००० च्या वादाला हाच मार्ग परवडतो.

यासाठी मुखत्यारपत्र निघण्याआधी इथेच करून ठेवा: आई, वडील, भाऊ, बायको, ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्या नावे. त्यात ताबा देणं, अनामत स्वीकारणं, तडजोड करणं, नोटिसा घेणं, वकील नेमणं हे अधिकार स्वतंत्रपणे लिहा. ‘सर्व व्यवहार पाहणे’ एवढ्या मोघम वाक्यावर तडजोडीची सही मानली जात नाही. तिकडे गेल्यावर करायचं झालं तर भारतीय दूतावासात साक्षांकन, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरणं, असे दोन फेरे वाढतात. एक मर्यादा ध्यानात असू द्या: मुखत्यार तुमच्या वतीने दावा चालवू शकतो, पण जी गोष्ट फक्त तुम्हाला ठाऊक आहे तिची साक्ष तो तुमच्याऐवजी देऊ शकत नाही. ताबा देताना तुम्ही एकटेच असलात तर साक्षीला तुम्हालाच यावं लागेल. म्हणून मुखत्याराला ताब्याच्या दिवशी बरोबर घ्या आणि साक्षीदार म्हणून त्याची सही घ्या.

बँकेचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तुम्ही अनिवासी झालात की नेहमीचं बचत खातं एनआरओ खात्यात (अनिवासींसाठीचं इथलं रुपयांतलं खातं) बदलून घ्यावं लागतं. अनामतीचा परतावा त्या खात्यात घेता येतो. बदल करताना जुने चेक पुढे चालतील की नाही ते बँकेकडून लेखी घ्या, कारण मालकाकडचे दोन चेक अजून परत आले नसतील तर ते कोणत्या शेऱ्याने परत जातील यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. आधारवर या फ्लॅटचा पत्ता असेल तर तो गावच्या घराचा करा, गॅस जोडणी सिलिंडर आणि रेग्युलेटर देऊन बंद करून अनामतीची पावती घ्या, आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरू माहितीत घर सोडल्याची नोंद करायला मालकाला त्याच ताबापावतीत लिहून द्या.